सव्वाची पाठ

"ह्येचं नाव काय म्हणलास?" केरबा वस्तादांनी मला विचारलं.

"एफ्राइन सावाला, वस्ताद. मेक्सिकोचा हाय."

"सव्वाला?"

"सावाला."

"त्येच की. सव्वा." वस्तादांनी समोर उभ्या असलेल्या माणसाला केसापासून बुटापर्यंत न्याहाळलं. तो हसला. कुणी आपल्याकडे बघितलं की हसायचं, एवढं तो गोव्यात शिकून आला होता. "उंचीनं पाऊण आन् नावानं सव्वा," वस्ताद म्हणाले. "बगू, खेळ कितीचा हाय ते."

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा. आमच्या नाग्या तालमीत कुस्ती केव्हाच मागे पडली होती. लाल मातीच्या हौद्याशेजारच्या खोलीत मुद्गल होते तिथे आता बूट आणि बॉल असायचे. तरी हुकूम चालायचा तो वस्तादांचाच. वस्तादांनी आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता, पण कुठला गडी कधी दमला हे ते लायनीवर बसून त्याच्या मानेकडे बघून सांगायचे. बारा वर्षं तालमीला कप मिळाला नव्हता. त्या बारा वर्षांत वस्तादांनी पेढा तोंडात घातला नव्हता आणि हे ते कुणालाही, न विचारता, सांगायचे.

"ऱ्हाईल कुठं?" कुणीतरी विचारलं.

"धैऱ्याच्या माडीवर. त्येला इंग्लिश येतंय."

धैऱ्या म्हणजे मी. घरात धैर्यशील, पण पेठेला एवढं लांबलचक नाव परवडत नाही. माझं इंग्रजी म्हणजे बी.ए.ला जेमतेम पास होण्याइतकं. सव्वाचं त्याहून बेताचं. म्हणूनच आमचं जमलं. दोघंही एकमेकांच्या चुका काढण्याच्या लायकीचे नव्हतो.

पहिल्याच दुपारी आईने त्याच्या ताटात तांबडा रस्सा वाढला आणि पाण्याचा तांब्या जवळ सरकवून ठेवला. गंमत बघायला शेजारच्या दोघी दारात येऊन उभ्या. सव्वाने वाटी तोंडाला लावून संपवली, ठेच्याचा गोळा भाकरीवर चोळला आणि आईकडे बघून खुणेने विचारलं, अजून तिखट काही आहे का? कोल्हापूरच्या तिखटाचा माज त्याने एका जेवणात उतरवला. मग आई भाकरी थापत होती तिथे जाऊन बसला आणि हातवारे करून सांगू लागला की त्याच्या घरीही अशीच असते, फक्त मक्याची आणि लहान. दुसऱ्या दिवशी आईने बाजारातून मक्याचं पीठ आणलं.

"आरं, ह्यो तर आपल्यातलाच हाय की," ती मला म्हणाली. माझ्या आवडीचं तिने इतक्या तातडीने काही आणल्याचं मला आठवत नाही.

चौतीस वर्षांचा होता तो. संध्याकाळी सराव झाला की माडीच्या कठड्यावर बसून गुडघ्याला तेल चोळायचा आणि क्लबांची नावं बोटांवर मोजायचा. अकरा क्लब. सोळाव्या वर्षी गावच्या क्लबातून निघाला. त्याच्या गावात सगळे चामड्याचं काम करणारे, बापही बूट शिवायचा; माझी कोल्हापुरी चप्पल त्याने उलटीपालटी करून बघितली, टाका मोजला आणि "बुएनो", म्हणजे छान, म्हणाला. देशातल्या मोठ्या साखळीत त्याला एकच हंगाम मिळाला, त्यातही अकरा सामने. त्यानंतर दुसऱ्या दर्जाचे क्लब, मग शेजारचा देश, मग गोवा. गोव्याच्या क्लबाने हंगाम संपण्याआधीच मोकळा केला आणि आमच्या तालमीने उचलला.

"आता बस का?" मी विचारलं.

"एक बाकी," तो म्हणाला. गावच्या क्लबाने निरोप धाडला होता: जुलैत धडधाकट ये, शेवटचा हंगाम आमच्याकडे खेळ. जिथून निघालो तिथेच थांबायचं, एवढंच त्याला हवं होतं. बापाने त्याला एकदाही मोठ्या मैदानावर खेळताना बघितलं नव्हतं. दुकान बंद ठेवणं म्हाताऱ्याला जमायचं नाही. गावातलं मैदान मात्र दुकानापासून चार पावलांवर होतं.

मला तो आवडायचा, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून कुणाचा विश्वास बसणार नाही.

आता माझं. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि सव्वा यायच्या आधी तालमीच्या मिडफिल्डचा मालक होतो. एका सरकारी खात्याच्या टीमला मधल्या फळीत माणूस हवा होता. खेळाडूंच्या कोट्यातली कायमची नोकरी. त्यांचे साहेब आमच्या स्पर्धेची फायनल बघायला येणार, हे सगळ्या शहराला ठाऊक होतं. वयाची अट होती सव्वीस. म्हणजे ती फायनल गेली की मी पंचक्रोशीतला एक चांगला खेळाडू म्हणून चहाच्या गाड्यावर मिरवायला मोकळा.

सव्वा आल्यावर रियाज सरांनी आम्हा दोघांना मधे ठेवलं. रियाज सर आमचे कोच. सव्वा पुढे, मी त्याच्या मागे दहा पावलांवर. आणि तिथे मला त्याला हाका शिकवाव्या लागल्या.

मधल्या माणसाचं दुखणं असं की बॉल त्याच्याकडे येतो तेव्हा त्याचं तोंड स्वतःच्या गोलाकडे असतं आणि पाठ शत्रूकडे. पाठीला डोळे नसतात. ते डोळे म्हणजे मागून बघणारा साथीदार. मागून कुणी धावून येत असेल तर आम्ही ओरडतो, "मागं!" मग बॉल एका टचमध्ये परत द्यायचा आणि अंग काढून घ्यायचं. कुणी नसेल तर ओरडतो, "एकटा!" म्हणजे तुझ्याजवळ कुणी नाही, खुशाल वळ.

"एकटा," त्याने जीभ वळवून बघितली. "सोलो. आम्ही म्हणतो सोलो. तेच." त्याला भारी मजा वाटली. "तुमच्याकडेपण एकटा असणं चांगलं?"

"फक्त ग्राउंडवर," मी म्हणालो.

आठवड्याभरात तो मागे वळून बघायचाच बंद झाला. माझा आवाज आला की डोळे मिटल्यासारखा वळायचा, आणि एकदा वळला की पुढचं काम बघण्यासारखं असायचं. गॅलरी "नाद खुळा!" म्हणून मैदान डोक्यावर घ्यायची. त्याने पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा बावरला. "नादा" म्हणजे त्याच्या भाषेत काहीच नाही. आणि "खुळा"सारखा जो शब्द त्यांच्याकडे आहे तो शरीराच्या कुठल्या भागाचा, हे त्याने मला वळून, हाताने दाखवलं. मी हसून हसून लोळलो. एवढे दहा हजार लोक आपल्याला हे का ओरडतायत, असं त्याला वाटलं होतं.

सेमीफायनलच्या दिवशी सकाळी रियाज सरांनी मला तालमीच्या दारात गाठलं.

"धैऱ्या, आज खेळतोयस. फायनलला मात्र मधी फक्त सव्वा ठेवतोय. एक फॉरवर्ड वाढवायचा हाय. तू बेंचवर."

"सर, त्या दिवशी साहेब येणार हाईत."

"म्हाईत हाय मला."

"माझं हे शेवटचं वर्ष हाय, सर."

"ते बी म्हाईत हाय. पर वस्तादांना कप पायजे, लेका. मी काय करू?" त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत निघून गेले.

मी घरी आलो. सव्वा आईच्या शेजारी बसून मक्याची भाकरी खात होता. त्याने अर्धी मोडून माझ्यापुढे धरली. मी भूक नाही म्हणालो.

समोर शिलेदार मंडळ होतं. त्यांचा बचावातला स्टॉपर म्हणजे रावसाहेब नावाचा धिप्पाड गडी, सगळे त्याला ट्रॅक्टर म्हणत. मनाने गरीब, पण एकदा धावत सुटला की त्याला स्वतःलाही थांबता येत नसे. दुसऱ्या हाफमधे पंधरा मिनिटं राहिली होती आणि आम्ही एक गोलने पुढे होतो. तोही सव्वानेच घातलेला.

आमच्या बॅकने बॉल उचलून दिला. सव्वा मधल्या रेषेजवळ उभा, तोंड माझ्याकडे. त्याच्या खांद्यावरून मला पलीकडचं सगळं मैदान दिसत होतं. लायनीच्या बाजूला, वस्ताद बसले होते त्यांच्या समोरच, हे झालं.

बॉल हवेत असताना सव्वाने माझ्याकडे बघितलं. मी हाक दिली.

तो वळला.

आवाज मला आधी ऐकू आला, मग तो पडलेला दिसला. ट्रॅक्टर त्याच्यावर कोसळला होता आणि उठून दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता. सव्वाची नडगी जिथे सरळ असायला हवी तिथे नव्हती. गॅलरीतून चपला, बाटल्या, शिव्या, सगळं ट्रॅक्टरच्या अंगावर येऊ लागलं. रेफरीने लाल कार्ड काढलं. ट्रॅक्टर रडत रडत म्हणत होता, "ह्यो वळंल आसं वाटलं न्हाई ओ मला. वळंल आसं वाटलंच न्हाई."

आम्ही सामना जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी हॉस्पिटलात गेलो. आईने डब्यात पांढरा रस्सा दिला होता आणि फडक्यात मक्याच्या भाकरी. खोलीत वस्ताद होते, रियाज सर होते, तालमीचे दोन कारभारी होते. सव्वाचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमधे आणि वर टांगलेला. नडगीची दोन्ही हाडं गेली होती, गुडघाही आतून फाटला होता. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं की हा माणूस चालेल, पण खेळायचं विसरावं.

मी दारातच थांबलो. एक कारभारी म्हणाला, "आला बगा धैऱ्या. आता इचारा, वस्ताद. ह्यो सव्वा कवा वळत न्हाई हाक आल्याबिगर. हाक दिली कुणी आन् काय दिली?"

मी डबा दोन्ही हातांनी धरला.

वस्तादांनी सव्वाकडे बघितलं. सव्वाने माझ्याकडे बघितलं नाही, तोही वस्तादांकडेच बघत राहिला. मग मी शिकवलेल्या मराठीत, एकेक शब्द शोधत म्हणाला, "धैऱ्या बोलला, मागं. बरोबर बोलला." त्याने कानाला हात लावला. "मी नाही ऐकलं. आवाज खूप. माझी चूक."

"झालं तर मग," वस्ताद म्हणाले. "नशीब एकेकाचं." सगळे हळहळत बाहेर पडले. जाताना रियाज सर मला कुजबुजले, "फायनलला मधी तूच. चारला ये सरावाला."

मी "एकटा" म्हणालो होतो.

गडबडीत चुकीचा शब्द तोंडातून गेला, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. ट्रॅक्टर मला दिसलाच नाही, असंही सांगून बघितलं. दिसला होता. चांगला वीस पावलांवरून, मान खाली घालून येताना दिसला होता. सव्वाचा पाय मोडावा असं मला वाटत नव्हतं, हे देवाशपथ खरं. बॉल जावा, एवढंच. आमच्यावर एक गोल व्हावा, सव्वा आता जड झालाय असं सरांना वाटावं आणि मी फायनलला मधे राहावं. एवढ्यासाठी एका माणसाने माझ्या हातात दिलेली पाठ मी विकली. याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी डबा उघडला. "आईने दिलंय," मी म्हणालो.

त्याने भिंतीकडे तोंड केलं. "आईला सांग, छान होतं," तो म्हणाला. त्याने चमचाही उचलला नव्हता.

मला बोलायचं होतं. ओठावर आलं होतं. पण त्याने तर सगळ्यांसमोर मला सोडवलं होतं; आता आपण बोललो तर त्याच्या मोठेपणाचा अपमान होईल, असा एक सोयीचा विचार मला तिथल्या तिथे सुचला. माणसाला सोयीचे विचार फार पटकन सुचतात. मी डबा झाकला, रस्सा बाहेर बेसिनमधे ओतला आणि चारला सरावाला गेलो.

आठ दिवसांनी फायनल झाली. मी आयुष्यात तसा पुन्हा कधी खेळलो नाही. दोन गोलचे पास माझे. केरबा वस्तादांनी बारा वर्षांनी पेढा खाल्ला, तोही माझ्या हातून. महिन्याभरात खात्याचं पत्र आलं. सव्वा त्याआधीच गेला होता, तालमीच्या गाडीतून, कुबड्या घेऊन. मी पोचवायला गेलो नाही. त्या दिवशी मिरवणूक होती. ट्रॅक्टरवर एक वर्षाची बंदी आली. त्याच्या घरावर दगड पडले आणि नंतर त्याने खेळच सोडला.

आई एकदाच म्हणाली, "जाताना मला न भेटता कसा गेला रं?" मी म्हणालो, गाडीची वेळ झाली होती.

तेरा वर्षं मी एका गोष्टीवर काढली: त्याने मला माफ केलं. माहीत असून, पाय तुटलेला असून, आपण होऊन माफ केलं. मी नोकरी केली, लग्न केलं, घर बांधलं. मधेच कधीतरी ती हाक कानात यायची आणि जेवण कडू व्हायचं, तेव्हा मी ते हॉस्पिटलमधलं वाक्य आठवायचो. धैऱ्या बोलला, मागं. बरोबर बोलला. त्याच्यावर मी पुन्हा महिनाभर चालायचो.

यंदा तालमीने जुन्या खेळाडूंचे सत्कार ठरवले. पहिलं नाव माझं. पत्रिका हातात पडली आणि मला घरात बसवेना. सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी मी वस्तादांकडे गेलो. ऐंशी पार केलेली, पण पाठ अजून भिंतीला न टेकवता बसत होते.

"ये मर्दा. च्या घेणार?"

"वस्ताद, उद्याचा सत्कार माझा नको."

"का रं?"

मी सांगितलं. सगळं. ट्रॅक्टर दिसला होता तेही, शब्द कुठला होता तेही. सांगताना मी जमिनीकडे बघत होतो. संपलं तेव्हा वाटलं, आता काठी बसेल. बसली असती तर बरं झालं असतं.

वस्ताद शांतपणे म्हणाले, "म्हाईत हाय की."

"काय म्हाईत हाय?"

"आरं, माझ्याम्होरंच झालं न्हवं? लायनीवर हुतो मी. कान काय घरी ठेवून आलतो?"

मी म्हणालो, "मग बोलला का न्हाईसा?"

"आट दिसावर फायनल हुती. सव्वा तर गेलाच हुता. तुला बी घालवला असता तर मधी कोण, मी खेळणार हुतो?" त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "सत्कार तुज्या खेळाचा हाय. तुजा न्हाई. गुमान घे."

"पर वस्ताद," मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच लहान मुलासारखा वाटला, "त्यानं मला माफ केलं हुतं. म्हणून तर सगळ्यांफुडं खोटं बोलला."

वस्तादांनी माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

"तुला कुणी सांगितलं माफ केलं म्हणून?"

"मग?"

"तू यायच्या आधी अर्धा तास मी एकला गेलतो त्येच्याकडं. त्येला काय नीट मराठी येत न्हवती. दोनच शब्द बोलला. एक तू म्हणलास त्यो, आन् एक म्हणाय पायजे हुतास त्यो. दोन्ही बरोबर बोलला. मग पेपर लिवल्यागत हात करून दावलं, पेपरवाल्यांना सांगतो म्हणून." वस्तादांनी तसा हात करून दाखवला. "मी न्हाई म्हणून मान हालवली. त्यो व्हय व्हय म्हणतोय. लै चिडला हुता. चिडणारच की. मग मी त्येच्या पाया पडलो."

"तुम्ही?"

"हनमंताबिगर कुणाच्या पडलो न्हाई आजवर. त्येच्या पडलो. एक पाय प्लास्टरात टांगलेला हुता. दुसरा धरला." त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. "त्येला मला उठवाय बी येईना. पडून रडाय लागला. मी सोडला न्हाई, त्यो व्हय म्हणंपतोर."

बाहेर रस्त्यावरून मांडवाच्या बांबूंची गाडी गेली.

"हे मला तेरा वर्षांत कधी सांगितलं न्हाईसा," मी म्हणालो.

"तू तरी कवा इचारलंस?" वस्ताद म्हणाले. "उद्या जरा लौकर ये. फेटा बांधाय येळ लागतो."

मी जायला नको होतं. गेलो. बायको, मुलं पहिल्या रांगेत होती. फेटा छान बांधला होता, सगळे म्हणाले. भाषणात कारभाऱ्यांनी सव्वाची आठवण काढली; तसा खेळाडू आणि तशा दिलाचा माणूस पुन्हा तालमीत आला नाही, म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यासपीठावर बसून हात मांडीवर ठेवणं बरं दिसलं नसतं, म्हणून मीही वाजवल्या.